खिंडीतला कुकारा

सातपूरच्या आमच्या कामगार वसाहतीत दिवसाचे दोन आवाज ठरलेले होते. एक कारखान्याचा भोंगा आणि दुसरा माझ्या आईचा कुकारा. भोंगा पाळी सुटली की वाजायचा, कुकारा भाकऱ्या झाल्या की. आई पिठाचे हात धुऊन गच्चीवर जायची, दोन्ही तळवे तोंडाशी धरायची आणि एक लांब, मग दोन तोकडे असा आवाज सोडायची. त्यातला शेवटचा वर उचललेला. मी आणि दादा पार नासर्डीच्या काठी खेळत असलो तरी तो आमच्यापर्यंत यायचा आणि पोटात एकदम भूक लागायची. शेजारच्या काकू म्हणायच्या, "हिराबाई, तुमच्या ओरडण्यानं आमचीपण पोरं घरी येतात हो, मला जिना उतरावा लागत नाही." अण्णांना मात्र ते आवडायचं नाही. अण्णा म्हणजे माझे वडील, कारखान्यात फिटर होते. ते आणि आई दोघंही एकाच डोंगरपट्ट्यातले, एकाच समाजाचे. पण अण्णा आश्रमशाळेत शिकून लवकर खाली उतरले होते, आणि खाली उतरलेल्या माणसाला वरची आठवण चारचौघांत करून दिलेली खपत नाही. "अगं, ही कॉलनी आहे, रान नाही," ते म्हणायचे. "पोरांना नावं ठेवलीत ना? मग नावानं बोलव की." त्यावर आईचं उत्तर ठरलेलं असायचं, "नाव लांब जात नाय."

कुकारा म्हणजे नुसतं ओरडणं नव्हे, हे इथं सांगायला हवं. आईची वाडी डोंगरापलीकडे, भंडारदऱ्याच्या बाजूला. घरं विखुरलेली, एक या उतारावर तर दुसरं त्या. रानात माणसाला नावानं हाक मारायची नाही, नाव ऐकून भलतंच कुणी ओ देतं, अशी तिथली समजूत. म्हणून प्रत्येक घराचा कुकारा वेगळा. आणि त्याची सगळ्यात मोठी रीत लेकीच्या लग्नाची. लेक सासरी निघाली की वऱ्हाड वरच्या खिंडीत थांबायचं, कारण तिथून वाडी शेवटची दिसते. लेकीनं मागं वळून आपल्या घराचा कुकारा द्यायचा, खाली अंगणात थांबलेल्या भावानं ओ द्यायची, आणि ती ओ कानावर आली की मगच तिनं पलीकडे पाऊल टाकायचं. आईच्या लग्नात खिंडीपलीकडे भाड्याचा ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. वऱ्हाडातलं कुणीतरी म्हणालं, "चला, चला, आता कुठं ओरडत बसता." नवी नवरी काय बोलणार? ती तशीच उतरली. पुढं वाडीच्या खालपर्यंत सडक झाली, एसटी जाऊ लागली. माहेरी जायचं तर लांबचा वळसा पडायचा, पण बसून जाता यायचं. खिंडीत जायचं कुणाला कारण उरलं नाही. आई मात्र ते कधी विसरली नाही. दुपारी तांदूळ निवडताना मला सांगायची, "मी माहेराहून सांगून निघालेच नाय बघ. अजून वाटंतच हाय."

मी नववीत होते तेव्हा तिचा आवाज बसला. आधी हळद-दूध झालं, मग ज्येष्ठमध, मग शेजारणींनी सांगितलेला काय काय काढा. आवाज काही उठेना. मग मोठ्या दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या आणि घरात "गाठ" हा शब्द आला. दिवाळी झाली की ऑपरेशन, गाठ काढली की झालं, एवढंच आम्हां भावंडांना सांगितलं होतं. खरी गोष्ट अशी होती, की गाठीबरोबर आईचा आवाजच काढून टाकणार होते. मानेला भोक पडणार होतं, त्यातून श्वास येणार-जाणार होता, आणि त्यानंतर तिच्या तोंडून शब्द म्हणून काही निघणार नव्हता. अण्णांना हे माहीत होतं, आईला माहीत होतं. दोघांनी त्यावर आपसात काय बोलणं केलं असेल, कधी केलं असेल, देव जाणे. दोन खोल्यांच्या घरात आम्ही काही ऐकलं नाही.

आणि मग आईनं बोलणं बंद केलं. डॉक्टरांनी घशाला ताण देऊ नका म्हटलं होतं, बोलूच नका असं नव्हतं म्हटलं. पण तिनं अगदी "हं"सुद्धा टाकून दिलं. मीठ हवं असलं तर चिमटी दाखवायची, रागावली तर डोळे. जेवायला बोलवायचं असलं की ओल्या हातानं स्टीलचं ताट बडवायची. दादा थट्टेनं म्हणायचा, "आपल्याकडं देवळात राहायला आल्यासारखं झालंय." तीही हसायची, आवाज न करता. उन्हाळ्यात केलेले पापड डब्यात घालून वर ठेवून द्यावेत तसा ती आवाज साठवत होती, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. एका संध्याकाळी अण्णा चहा पीत बसले असताना ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि कित्येक दिवसांनी, खरखरीत का होईना, बोलली. "मला माहेरी जायचंय. खिंडीतून."

त्या दिवसांत तिनं काशी मागितली असती तर अण्णा काशीला घेऊन गेले असते. त्यांनी लगेच होकार दिला आणि आम्हाला जाहीर केलं, "रविवारी आपण नॅशनल पार्क बघायला जायचं." ते खरं तर अभयारण्य, पण अण्णांना मोठा शब्द सापडला की लहान वापरवत नसे. शिवाय आम्ही सहल म्हणून हसतखेळत जावं, असं त्यांना वाटत असणार. एवढ्यावर ते थांबले असते तर बरं झालं असतं. आपल्या बायकोला एक सुख द्यावं म्हणून त्यांनी घोटीच्या बाजारात वाडीचा एक माणूस गाठला आणि आईच्या भावाला निरोप धाडला : "धर्माला म्हणावं, हिरा येतेय रविवारी. तिची तब्येत बरी नाही, घरी राहा." आईला हे सांगितलं नाही, कारण भाऊ अचानक समोर आला की तिला आनंद होईल, हा बेत. आणि निरोपात खिंडीचं नाव घेतलं नाही, कारण वाट कुठली हे सांगायला लागतं असं त्यांच्या मनातच आलं नाही. तिकडं आईनंही खिंडच का हवी ते त्यांना सांगितलं नव्हतं. आज मला वाटतं, आई पूर्वीसारखी बोलत असती तर भाकऱ्या थापता थापता दहा वेळा हा विषय निघाला असता आणि सगळा उलगडा झाला असता. घरातलं बोलकं माणूस गप्प झालं की असे घोटाळे होतात.

पहाटेच्या एसटीनं घोटी, तिथून जीपनं डोंगराचा पायथा. बरोबर तिखटामिठाच्या पुऱ्या, उकडलेले बटाटे, लसणाची चटणी आणि आईसाठी थर्मासमध्ये नागलीची पेज, कारण तिला तेवढंच गिळता यायचं. दादानं मित्राचा कॅमेरा आणला होता आणि बिबट्याचा फोटो काढल्याशिवाय परत यायचं नाही असा त्याचा पण होता. दसरा होऊन गेला होता. खाली हळवा भात पिवळा पडला होता, वर सोनकीची फुलं सुकायला लागली होती. पायवाटेच्या तोंडाशी वनखात्याची पाटी होती. अण्णांनी ती मास्तरांसारखी मोठ्यानं वाचली. वन्यप्राण्यांना खायला घालू नये, फुले तोडू नयेत, आरडाओरडा करू नये. दादा म्हणाला, "आईला काही प्रॉब्लेम नाही." आम्ही सगळे हसलो, आईसुद्धा. ती पाटीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली, मग पाटीकडं, मग डोंगराकडं आणि मग स्वतःच्या छातीकडं बोट केलं. जिथं मी गुरं राखली तिथं मलाच नियम सांगता काय, असा त्याचा अर्थ. पुढं गेल्यावर तिनं पहिलं काम काय केलं असेल, तर सोनकीचं एक फूल तोडून माझ्या वेणीत घातलं.

तो चढ आमच्या घरातला शेवटचा आनंदाचा प्रवास होता. आई पुढं आणि आम्ही मागं. दर थोड्या वेळानं ती थांबायची, घशातून शिट्टीसारखा श्वास यायचा, पण डोळे चमकत असायचे. हिरड्याच्या झाडाखाली तिनं मला पदरात फळं गोळा करायची खूण करून दाखवली. लहानपणी ती तेच करायची. अण्णा "इथं शेकरू आढळतं" असं पाटीवरचं पाठ म्हणत होते आणि आईनं त्यांच्या दंडाला धरून त्यांचं तोंड वर वळवलं. फांदीवर तपकिरी, झुबकेदार शेपटीचं शेकरू बसलं होतं. दादानं घाईत फोटो काढला. तो धुऊन आला तेव्हा त्यात फक्त पानं होती. आम्ही कपारीच्या सावलीत पुऱ्या खाल्ल्या, अण्णांनी चटणी जास्त झाल्याचं नाटक केलं, आईनं झाकणभर पेज घेतली. इतकं साधं सगळं. मला अजून त्या पुऱ्यांचा वास आठवला की रडू येतं.

खिंडीत शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड आहे. आईनं त्याच्यापुढं फूल ठेवलं, उरलेल्या पेजेतला एक घोट घेतला, पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला. पलीकडं खाली वाडी दिसत होती, कौलं आणि गवताची छपरं, मधे पिवळे भाताचे तुकडे. मग तिनं दोन्ही तळवे तोंडाशी नेले. तोवर आम्हाला वाटत होतं ती नुसती बघायला थांबली आहे. आवाज निघाला. खरंच निघाला, तोच, गच्चीवरचा, कित्येक महिने कुठं लपवून ठेवला होता कोण जाणे. लांब सूर दरीवरून गेला. पहिला तोकडा गेला. दुसरा मात्र मध्येच फाटला आणि जिथं वर उचलायचा तिथं खाली पडला. आई तशीच हात तोंडाशी धरून थांबली. आम्हीही थांबलो. वर एक घार फिरत होती. वाडीतून काही आलं नाही. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. तिनं पुन्हा छाती भरून घेतली, मान ताणली; या वेळी नुसती हवा आली. मग तिनं हात खाली घेतले आणि दगडाजवळ बसली. अण्णा गोंधळून वाडीकडं बघत होते. निरोप तर पोचला होता. "वारा उलटा असेल," ते म्हणाले. आईनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. मला त्या वाडीचा राग आला, मामाचा आला, सगळ्या डोंगराचा आला. माझी आई हाक मारते आणि तुम्ही ओ देत नाही म्हणजे काय!

उतरून वाडीत गेलो तर दारांना कड्या. अंगणात कोंबड्या फिरत होत्या. मामाच्या ओट्यावर शेजारचे एक म्हातारे बसले होते, कानांनी पार गेलेले. अण्णांनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, सगळे कुठं आहेत. "समदे सडकंला गेलं," ते म्हणाले. "हिरा येनार हाय ना एसटीनं. आजारी हाय, चालवायची नाय. तिला आनाया डोली घिऊन गेल्यात. जे रिकामं व्हतं ते समदं गेलं." मग आईकडं बघून, "तू कोन गं बाय?" आई वाकून त्यांच्या पाया पडली. अण्णा ओट्याच्या कडेला बसले. "मीच सांगितलं होतं," ते म्हणाले. "निरोप मीच दिला होता. घरी राहा म्हणून सांगितलं होतं गं." ते पुन्हा पुन्हा तेच बोलत राहिले. आई उभी राहून त्यांच्याकडं बघत होती. मग तिनं थर्मासमधली शेवटची पेज झाकणात ओतली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती मुकाट्यानं प्यायली.

माणसं परतली तेव्हा उन्हं कलली होती. पुढं धर्मामामा, मागं चौघांच्या खांद्यावर बांबूला घोंगडी बांधून केलेली रिकामी डोली, त्यामागं बायका. एसटीमागून एसटी बघून कंटाळून आलेली ती सगळी मंडळी आईला ओट्यावर बघून आधी चाट पडली. "हिरे, आभाळातून उतरली का काय!" मामा हसत पुढं आला. आईनं तोंड उघडलं, ओठ हलले. काहीच आलं नाही. सकाळच्या कुकाऱ्यात होतं नव्हतं ते सगळं संपलं होतं. मग मीच सांगितलं, "मामा, आई खिंडीतून आली. तिनं कुकारा दिला होता. कुणी ओ दिली नाही." मामाचं हसू तिथंच थांबलं. "खिंडीतून?" त्यानं विचारलं. "आपल्या घराचा दिला?" मी मान हलवली. त्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि मटकन खाली बसला. "आन् मी मेलो सडकंला," तो म्हणाला. मामीनं नव्या तांदळाचा भात आणि खेकड्याचं कालवण केलं. आईला भात कालवून, अगदी मऊ करून दिला. ती दोन घास खाऊन थांबली. मामी पाठमोरी बसून चुलीत फुंकर घालत होती, चूल तर नीट पेटली होती.

परतायचं तर शेवटची एसटी गेली होती. खिंडीपलीकडं जीपवाल्याला अण्णांनी थांबायला सांगितलं होतं. सकाळपासून रिकामी हिंडलेली डोली कामी आली. आईला तिच्यात बसवलं, चौघांनी उचललं. मामा आला नाही. "मी घरीच थांबतो," तो म्हणाला. "आता हे घर मोकळं ठेवनार नाय." त्यानं बहिणीच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि अंगणात उभा राहिला. आम्ही वर पोचलो तेव्हा सूर्य कड्याला टेकला होता. डोलीवाल्यांनी न सांगता वाघोबापाशी डोली ठेवली. त्यांना रीत माहीत होती. आई उतरली, वाडीकडं वळली. वारा चांगलाच सुटला होता, तिचा पदर सारखा मागं आमच्या तोंडावर येत होता. तिनं हात वर नेले आणि तसेच खाली घेतले. मग ती नुसती उभी राहिली. तिचा पाय पलीकडं निघेना. डोलीवाले जमिनीकडं बघत होते. जीपवाला खालून हॉर्न देत होता, आणि त्या हॉर्ननं आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला या वयातही नीट सांगता येत नाही.

तेव्हा अण्णा पुढं आले. कॉलनीत कुकारे घालायचे नसतात म्हणणारे माझे अण्णा. त्यांनी पिशवी खाली ठेवली, तळवे तोंडाशी धरले आणि आईच्या घराचा कुकारा दिला. अगदी वाईट. लांब फार लांबला, तोकडे दोन्ही गुरं हाकलल्यासारखे निघाले, आणि शेवटी वर उचलताना त्यांना ठसका लागला. एरवी दादा लोळून हसला असता. कुणी हसलं नाही. खाली वाडीत धूर निघत होता, अंगणात ठिपक्याएवढा मामा. आणि मग ओ आली. एक लांब, दोन तोकडे, शेवटचा वर उचललेला. पुन्हा आली. पुन्हा. मामा थांबतच नव्हता. आई तोंड उघडं ठेवून ऐकत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसतही नव्हती. बऱ्याच वेळानं तिनं अण्णांचा हात धरला आणि खिंड ओलांडली. जीपपर्यंत आम्हाला तो आवाज येत होता.

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. आई त्यानंतर बरीच वर्षं जगली, मी नोकरीला लागलेलं तिनं पाहिलं, दादाची मुलगी मांडीवर खेळवली. त्या नातीनं तिचा आवाज कधी ऐकला नाही. ताट वाजलं की आजी, एवढंच तिला ठाऊक. अण्णांनी मात्र त्या दिवसाची गोष्ट आयुष्यभर सांगितली. लग्नकार्यात, कारखान्यातल्या मित्रांत, जेवताना. "माझा आवाज खिंडीतून थेट वाडीत पोचला. फिटरचा आवाज आहे, मशिनीवरून बोलायची सवय." आई गेल्यावरही ते सांगत राहिले, आणि आपली हाक पोचली याच समाधानात तेही गेले.

त्यांच्या दहाव्याला धर्मामामा गोदावरीवर आला होता. खूप थकला होता. घाटाच्या पायरीवर माझ्याशेजारी बसून पाण्याकडं बघत म्हणाला, "बाय, तुला येक सांगतो, आता भावजी नायत म्हनून. त्या सांजंला मला काय बी ऐकू आलं नव्हतं. वारा खालून वर चालला व्हता, तिकडची हाक खाली कशी यील? मी आंगनात हुबा व्हतो. तुमी समदी खिंडीत थांबलेली दिसला. म्हनलं, सकाळची ओ द्यायची राहिली हाय. हाक मारली काय, नाय मारली काय." मी विचारलं, आईला हे कळलं असेल का? मामा माझ्याकडं बघून हसला. "तिला वारा कळनार नाय व्हय? त्या खिंडीत वाढली ती."

मला आईचा पदर आठवला, सारखा मागं आमच्या तोंडावर येणारा. म्हणजे तिला तिथंच, त्याच वेळी कळलं होतं. आणि तरी पुढं इतकी वर्षं, अण्णा जेवताना ती गोष्ट काढायचे, माझा आवाज थेट वाडीत पोचला म्हणायचे, तेव्हा ती दर वेळी मान डोलवायची आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढायची.